चिमणीचा प्रवेश

माझी थोरली वहिनी एका छोट्या खासगी शाळेच्या ऑफिसात आहे. हजेरी, निकाल, पालकांना निरोप हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते कुठल्या कंपनीकडून घ्यायचं हे तिथे तिघं ठरवतात: मुख्याध्यापक, गणिताचे सर आणि वहिनी. खरं म्हणजे वहिनीच. शाळांना सॉफ्टवेअर विकणं हा माझा धंदा, आणि आमच्या धंद्यात तिचं नाव निघालं की भलेभले खुर्चीत सावरून बसतात.

कारण चिमणी. चिमणी ही वहिनीने मनाने रचलेली विद्यार्थिनी. बाकीच्या शाळा म्हणतात, तुमचं काय ते दाखवा. मग आम्ही रंगीत तक्ते फिरवतो, चहा पितो आणि निघतो. वहिनी म्हणते, "तक्ते राहू द्या. आमच्या चिमणीला दाखल करून घ्या." या चिमणीचं आडनाव लांबलचक, कुठल्याच रकान्यात मावत नाही. तिला शेंगदाणे चालत नाहीत, आणि हे बदली शिक्षिकेला वर्गात पाऊल टाकायच्या आत दिसलं पाहिजे. ती कधीकधी मधल्या सुट्टीनंतर उगवते, तेव्हा तिला दिवसभर गैरहजर धरायचं नाही. जगात नसलेल्या पोरीची इतकी काळजी करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. एक विक्रेता तिथून घाम पुसत बाहेर आला आणि मला म्हणाला, "तुझ्या वहिनीची ती कार्टी एकदा भेटू दे मला."

यंदा माझीच पाळी होती. साहेबांनी बजावलं होतं की ही शाळा आणलीस तर राहशील, नाहीतर दुसरीकडे बघ. मी दादा-वहिनीकडेच राहतो, त्यामुळे जेवताना हे वहिनीच्या कानावर घातलं. "बरं," एवढंच म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगून आली की आलेल्यांत माझा दीर आहे, तेव्हा मार्क तुम्ही दोघांनी द्या, मी फक्त विचारीन. माझं डोकंच फिरलं. घरचं माणूस, जरा गप्प राहिली असती तर काय बिघडणार होतं?

पण मीही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. चिमणी मला पाठ होती. आडनाव मावलं. शेंगदाणे लाल अक्षरांत झळकले. उशिराची हजेरी बिनबोभाट लागली. गणिताचे सर मान डोलवायला लागले आणि मी मनातल्या मनात साहेबांना फोनसुद्धा लावून टाकला.

"आता पुढचं," वहिनी म्हणाली. बाकीचे विक्रेते बहुतेक इथवर पोचतच नसत, कारण हे मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. "चिमणीचे वडील आधीच गेलेत. आता आई गेली. ती मोठ्या भावाकडे राहते, तिचं सगळं वहिनी बघते. शाळेत ताप आला तर निरोप कुणाला जाईल?"

मी आईच्या नावापुढची 'निरोप हिला' ही खूण काढायला गेलो, निघेना. नवं नाव घातलं तर नातं विचारलं: आई, वडील, इतर. मी 'इतर' निवडलं. 'इतर' व्यक्तीला निकाल दिसणार नाही आणि मूल घरी नेता येणार नाही, असं भिंतीवरच्या पडद्यावर आलं. आणि तापाचा निरोप गेला तो आईच्याच नावाने. भिंतीवर ही मोठी अक्षरं.

मी चौथीत असताना आमची आई गेली, वडील त्याआधीच. वहिनी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, स्वतःच पोरसवदा. एकदा टपालाने आलेलं शाळेचं पाकीट माझ्या हाती लागलं, वर आईचं नाव. मी ते उशीखाली घेऊन झोपलो होतो. त्यानंतर तसं एकही पाकीट मला दिसलं नाही. शाळेने नाव बदललं असेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. कोण रोज माझ्याआधी दारापाशी पोचत होतं, हे मला त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं.

"एवढं चालायचं हो," गणिताचे सर म्हणाले. "बाकी उत्तम आहे. देऊन टाकू मार्क."

मुख्याध्यापकांनीही पेन उचललं. मी नुसता गप्प राहिलो असतो तर काम आमचंच होतं.

"नको सर," मी म्हणालो. "हे चालायचं नाही. आमच्यात वहिनीला जागाच नाही."

काम दुसऱ्या कंपनीला गेलं. संध्याकाळी वहिनी ताट वाढत होती.

"चिमणी म्हणजे मीच ना?" मी विचारलं.

"छे. चिमणी पानात टाकत नाही," ती म्हणाली, आणि न विचारता आणखी वाढलं.

मला तिच्याकडे बघवेना. या बाईपुढे मी कोण, असं वाटलं. जेवून उठलो आणि नोकरी राहते की जाते याचा विचार न करता आमच्या प्रोग्रॅमरला फोन लावला. नात्यांच्या यादीत वहिनी घाल म्हणालो.

"घालतो," तो म्हणाला. "तिला परवानग्या कुठल्या द्यायच्या? निकाल बघायची? मूल घरी न्यायची?"

"सगळ्या दे," मी म्हणालो.