‘चुनी’ फॉरमॅट करू नका

मिलिंददादावर अन्याय झाला तो त्याच्या मृत्यूनंतर एकविसाव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, नांदेडच्या एका सभागृहात. करणारे त्याचेच मित्र होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे.

मिलिंददादा ‘डांबर’चा बेसवाला, म्हणजे चार तारांची बेस गिटार वाजवणारा. डांबर म्हणजे नांदेड-लातूरच्या पोरांचा तो रॉक बँड, ज्याची गाणी आता पुण्यातली पोरंही फोनवर वाजवतात. तुम्हाला गायक विनायक आठवेल, त्याचे केस आठवतील. दादा आठवणार नाही. तो ड्रमच्या बाजूला अंधारात उभा असायचा आणि पोस्टर छापताना कडेला कापला जायचा. लातूरला एका गॅदरिंगमध्ये कुणीतरी ओरडलं, “ओ भाऊ, तुमच्या गिटारला दोन तारा कमी का?” दादा शांतपणे म्हणाला, “दोन गायकाला दिल्या. त्याला लई लागतेत.”

कुठलंही यंत्र दिसलं की त्यावर तळवा टेकवायची त्याला सवय होती. पिठाची गिरणी, उसाचा चरक, दुकानातला फ्रीज. एसटीत बसला की ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर हात. “ही गाडी खर्जात रडायलीय,” म्हणायचा. ड्रायव्हर म्हणायचा, “डेपोत सांगा साहेब, मला सांगून काय होतंय?” आम्ही हसलो की दादाचं उत्तर ठरलेलं, “हसा. कान भुलतो, तळवा भुलत न्हाई.”

आमची ओळख लातूरच्या एका डाळमिलच्या फाटकावर झाली. आतल्या बायकांना कानात घालायला बोळे द्या, या मागणीची पत्रकं मी वाटत होते. त्यानं उभ्याउभ्या पत्रक वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

“ध्वनिप्रदूषण. हे कुणासाठी लिहिलंस?”

“बायकांसाठी.”

“माझी माय निम्मं आयुष्य हितं होती. ती गरगर म्हणती. ‘गरगरीनं कान खाल्ले’ असं लिही.”

मला राग आला. पण पुढच्या पत्रकात मी तेच लिहिलं, आणि पहिल्यांदाच बायकांनी पत्रक टाकून न देता घडी घालून कमरेला खोचलं.

त्याच्या मायचे, गयाबाईंचे, दोन्ही कान त्या मिलच्या चाळणीशेजारी गेले होते. आणि हा माणूस त्याच मिलमध्ये माइक घेऊन बसला! बँडला न सांगता त्यानं एकट्याचा अल्बम केला. नाव ‘चुनी’. तुरीची डाळ केली की मागे चुरा आणि टरफल उरतं, ते जनावरांना घालतात, ती चुनी. “बँड म्हंजे डाळ. ती समद्यांना पायजे,” तो म्हणायचा. “ही माझी चुनी.” त्यात गाणं नाही, शब्द नाहीत. मिलची गरगर, आणि तिच्या खाली त्याच्या चार तारा.

विनायकनं ऐकून विचारलं, “मिल्या, हे ऐकणार कोण?”

“जिला ऐकू येत न्हाई ती.”

मीही भांडले. “जिनं मायचे कान खाल्ले, त्या मिलचं तू संगीत करतोस? लाज नाही वाटत?”

“ज्यानं नेलं त्याच्याकडनंच वापस आणावं लागतंय ना,” तो म्हणाला. “दुसरा कोण देणार?”

नेटवर टाकायला तो तयार नव्हता. फोनच्या इवल्या स्पीकरमधून खर्ज येत नाही, म्हणून. त्यानं पांढरे पेनड्राइव्ह घेतले, प्रत्येकावर निळ्या मार्करनं ‘चुनी’ लिहिलं, आणि नांदेडला, लातूरला, एकदा धर्माबादलाही कार्यक्रमानंतर लोकांच्या हातात ठेवले. एक मला दिला. मी चार मिनिटं ऐकलं. फाइल बिघडलीय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये पत्रक न्यायचं होतं, हाताशी तोच ड्राइव्ह होता. मी तो फॉरमॅट केला.

महिन्याभरानं त्यानं विचारलं, “ऐकलीस का?”

“ऐकली ना. छान आहे.”

“सुट्टी झाल्यावर काय केलंस?”

“कसली सुट्टी?”

तो खूप हसला. “म्हंजे फॉरमॅट मारलीस. मार, समदेच मारतेत. धर्माबादच्या एकानं तर फोन करून सांगितलं, ड्राइव्ह लई चांगला हाय, डीजेची गाणी मस्त बसली.”

मग त्यानं मला रेणापूरला घरी नेलं. गयाबाई जमिनीवर बसून तूर निवडत होत्या. दादानं मोठ्या स्पीकरचा खोका त्यांच्या पाठीशी सरकवला आणि ‘चुनी’ लावली. भिंतीवरच्या मांडणीतली भांडी थरथरायला लागली. गयाबाईंनी पाठ खोक्याला टेकली. “पट्टा लागला,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “आता चाळणी.” थोड्या वेळानं, “जातं ढिलं हाय. मुकादमाला सांगा!” बाराव्या मिनिटाला सगळं एकदम थांबलं. मिलची जेवणाची सुट्टी. गयाबाईंनी हात झटकले, पदराला पुसले आणि डाव्या बाजूला डब्यासाठी हात नेला. तिथे डबा नव्हता. त्या लेकाकडे बघून हसल्या. दादानं मान खाली घातली. मी घरची कुणी नव्हे, तरी मला तिथे बसवेना.

पुढे पावसाळा संपता संपता, नांदेडहून परतताना लोह्याजवळ एका टिप्परनं त्याच्या दुचाकीला उडवलं. त्याचा लॅपटॉप विनायककडे होता.

एकविसाव्या दिवशी त्या सभागृहात डांबरनं ‘चुनी’ प्रकाशित केली. विनायक रडत होता, खोटं रडत नव्हता. म्हणाला, “मिल्याच्या कामात मशीनचा फार नॉइज होता. आम्ही तो सगळा काढला, फोनवर नीट वाजावं म्हणून खर्जही कापला. मधे एक मोठी रिकामी जागा राहिली होती, तिथे मी आलाप घेतलाय.” आम्ही टाळ्या वाजवल्या. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. नॉइज काढला म्हणजे मिल काढली. रिकामी जागा भरली म्हणजे सुट्टी रद्द केली.

मी विनायकला फोन केला. “मूळ फाइल दे.”

“त्याच फाइलवर सेव्ह केलं गं. अगं, आम्ही प्रेमानं केलं.”

प्रेमानं! पोस्टरमधून कापलं तेही प्रेमानंच असेल.

दादाकडचा पेनड्राइव्ह त्या अपघातात चिरडला गेला होता. पुढे रेणापूरला त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, विनायकनं नवी ‘चुनी’ गयाबाईंना लावून दिली. त्यांनी खोक्याला पाठ टेकली. मग तळवा टेकला. मग दुसरा. मांडणीतलं एकही भांडं हललं नाही. बराच वेळ थांबून त्या, बहिरं माणूस बोलतं तशा, सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, “लावा की. लावत का न्हाईत?”

गाणं चालूच होतं.

आता तुम्ही. डांबरच्या कार्यक्रमाला तुम्ही गेला असाल, तर घरातला खण उघडा. टीव्हीच्या मागे बघा, गाडीच्या टेपला लावलेला काढून बघा. पांढरा पेनड्राइव्ह, निळ्या अक्षरात ‘चुनी’. ऐकू नका हवं तर, आवडून घेऊ नका, पण पुसू नका. माझ्यासारखं करू नका. तो घेऊन रेणापूरला या आणि कुणालाही गयाबाईंचं घर विचारा. स्पीकरचा खोका अजून त्यांच्या पाठीशीच ठेवलेला आहे.