पोतं फाडणारी अक्का

आमच्या हुलसूरची दवाखान्याची अक्का, म्हंजे नर्सबाई, कुनाचं दार वाजवायची न्हाई, लाथंनं उघडायची. तोंडाला फडकं, काखंत छत्री, आन् "जित्ते हाव का मेलाव?" आसं वरडतच आत यायची. पोरं पळायची, म्हातारे शिव्या घालायचे. ती दुप्पट घालायची.

कोरोनात माझं लेकरू झालं. बाळंतिनीला वारं लागू नये म्हनून सासूनं खिडकीला पोतं ठोकलं, खाटंखाली शेगडी. बारशाला त्याच खोलीत बाया दाटून बसल्या, दार लावून पाळना गायल्या, गळा फुटस्तोर. मंग एकेकीला ताप आला. सासू खोकायली, मीबी खोकायले, लेकराचं आंग तापलं आन् माझा जीवच उडाला.

अक्का घरोघर फिरली. समद्या बायांना एकच इचारायची, "आत गायलीस का भाहेर जेवलीस?" भाहेर मांडवात जेवलेल्या धडधाकट, आत गायलेल्या आंथरुनात. मंग आमच्या दारात आली. आमी तोंडं शिवलेली. ताप कळला तर मायलेकराला तोडून दवाखान्यात नेतेत, आसं भ्याव बसलतं.

सासू म्हनली, "बारसं झालंच न्हाई, अक्का."

"व्हय? मंग पाळन्यात काय मांजर निजलंय?"

आन् लाथ. दार भिंतीवर आदळलं. आत आली, सरळ खिडकीकडं. तिनं पोत्याला हात लावला तसं मागनं धावत आलेल्या माझ्या चुलत दिरानं चुलीचं लाकूड हानलं तिच्या कपाळावर. रगत डोळ्यात उतरलं. लेकरू किंचाळायलं, मला दम पुरंना.

अक्का खाली बसली न्हाई. "मार की रे अण्णा," म्हनली, "कामून थांबलास? पर लेकराला हवा दे." आन् नखानं, दातानं टर्रटर्र फाडलं पोतं. खिळ्यांनी हात सोलले तिचे. दिराचं लाकूड वरच्या वर राह्यलं.

लेकरू वाचलं. सासू वाचली, मी वाचले.

फुडच्या लाटंत अक्काच गेली. कुनाच्या बंद खोलीत तिला रोग लागला, कुनालाच कळलं न्हाई. हुडकनारी तीच एक व्हती.

परवा जाऊ बाळंत झाली. सासू हातोडी आन् पोतं घेऊन आली, मागं तोच दीर. मी त्यांच्या आदी आत शिरले, खिडकीला पाठ लावून हुबी राह्यले.

"सर की गं," सासू म्हनली, "वारं लागंल तिला."

"लागू द्या, आत्या," म्हनले. "आन् मारायचंच आसंल तर कपाळावर मारा. हितून मी हालत न्हाई."

सासूनं माझ्याकडं बघितलं. मंग दिराच्या हाताकडं. तिनं हातोडी खाली ठिवली.