दिघीच्या चढावर इंजिन जाम

मंडळी, आज डोकं फिरलंय.

माझ्या जुन्या गाडीला ताकद वाढवायची म्हणून सिलिंडर मोठे करून नवे पिस्टन घातले. काम केलं शेजारच्या तुकारामभाऊंनी. उभा जन्म चाकणच्या कंपनीत मायक्रॉन मोजण्यात गेलेला माणूस.

मी बजावलं होतं, "भाऊ, पिस्टन तापला की फुगतो. जरा जागा सोडा."

"राव, माझ्या हातून ढिलं काम गेलंय कधी?"

आज दिघीच्या चढावर पिस्टन चिकटला, सिलिंडरला तडा गेला. इंजिनचा अख्खा ब्लॉक बाद!

सोबत आलेले भाऊ गाडीतून उतरून फुटपाथवरच बसले. "फिटिंग मात्र एक नंबर होतं," म्हणाले.

कुणाकडे जुना ब्लॉक पडून असेल तर कळवा. भाऊ आत्ताच म्हणालेत, "पुढचाही मीच करणार." त्यांना नाही कसं म्हणू, तेही सांगा.