सूर्यावरचा डाग आणि पंचायतीचा रेडिओ

सूर्यावर वादळ उठलं की पृथ्वीच्या ध्रुवांवरच्या विरळ हवेतले विद्युतभारित कण, म्हणजे आयन, जास्त जोराने अवकाशात निसटतात. हे मी जन्मभर शिकवलं. पण सूर्याशी माझी पहिली गाठ पडली ती तापीकाठच्या आमच्या गावात, पंचायतीच्या रेडिओपाशी.

पन्नासच्या दशकातली ती दिवाळी. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या गुजर घरांत कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी, आणि त्याचा मला भारी ताठा होता. मला पुढे शिकवायचं की लग्न उरकायचं, हे त्याच सुट्टीत ठरणार होतं. काकांचं ठरलेलंच होतं: लग्न. वडिलांचं अजून काही ठरलं नव्हतं.

भर दुपारी कापसाचे भाव सांगता सांगता रेडिओ मुका झाला. तो वडिलांच्या ताब्यात, म्हणून भाव ऐकायला जमलेले सगळे पुरुष त्यांच्यावरच तुटून पडले. आमच्याकडे रेडिओ रुसला की एकच औषध: अर्थिंगच्या, म्हणजे रेडिओची तार जमिनीत पुरलेल्या खड्ड्यात मीठ आणि पाणी. त्या दिवशी इतक्या घागरी रित्या झाल्या की खड्ड्यात भात लावता आला असता. रेडिओ ढिम्म.

मी कंदिलाच्या फुटक्या काचेवर काजळी धरली आणि तिच्यातून सूर्य पाहिला. एक मोठा डाग स्पष्ट दिसत होता.

"रेडिओ चांगला आहे," मी सगळ्यांना सांगितलं. "सूर्यावर मोठा डाग आहे, तिथेच भडका उडालाय. लांबून येणाऱ्या लहरी वरच्या हवेतच विरताहेत. दिवस मावळायच्या आत आपोआप बोलेल."

"पोरगी सूर्यले नावं ठेवी ऱ्हायनी!" काका म्हणाले. सगळे खो खो हसले.

वडिलांनी मात्र घागरी थांबवल्या. "मन्ही पोर सांगस ना? थांबा मंग."

मी ऐटीत उभी होते, पण सारखी कलत्या उन्हाकडे पाहत होते. चुकले असते तर माझं शिक्षण संपलं असतं आणि वडिलांची मानही खाली गेली असती.

ऊन कलल्यावर खरखर झाली, आणि पाठोपाठ निवेदकाचा आवाज आला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे भाव ऐकायला पुढे सरकले. मला तेवढं पुरे होतं.

जरा वेळाने काकांनी वडिलांना विचारलं, "मंग पोरीनं काय करानं?"

"माले काय इचारतस?" वडील म्हणाले. "तिले इचारा."

आयुष्यात पहिल्यांदाच त्या सगळ्या पुरुषांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि उत्तराची वाट पाहिली.