सात थांब्यांवरची वासिल्का

स्पास तेनेव गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी झोर्नित्सा टॅक्सी कंपनीच्या ऑफिसात आली आणि मेतोदीला, शोकपत्रकासाठी दोन ओळी लिहून द्या म्हणाली. "तुम्ही त्यांना जवळून ओळखत होतात," ती म्हणाली. मेतोदीने मान खाली घातली. अकरा वर्षं तो स्पासला विमानतळाच्या फेऱ्या सांगत होता, पण त्यातली बहुतेक वर्षं फोनवर. स्पास बोलायच्या आधी दोनदा खाकरतो, हे त्याला ठाऊक होतं. कॉफीत साखर घेत नाही, हेही. त्याचं गाव कुठलं, त्याला झोप लागते की नाही, तो देवाला मानतो की नाही, यातलं काहीच त्याला सांगता आलं नसतं. त्याने चार कागद लिहिले आणि चारही फाडले. एकावर 'सर्वांना वेळेवर पोचवणारा' असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं, आणि का नव्हतं हे मेतोदीला माहीत होतं.

वार्ना या समुद्रकाठच्या शहरातल्या त्या छोट्या कंपनीत सहा गाड्या होत्या. पाहुणा घरूनच कॉम्प्युटरवर गाडी ठरवायचा: विमान कोणतं, किती वाजता, माणसं किती, हॉटेल कोणतं. मेतोदी ते वाचून ड्रायव्हरला फोनवर सांगायचा आणि ड्रायव्हर एकेक गोष्ट परत म्हणून दाखवायचा. शेवटी मेतोदी म्हणायचा, "चल, रस्ता मोकळा मिळो," आणि फोन ठेवायचा. बाकीचे ड्रायव्हर पाहुण्याचं नाव मोबाइलच्या पडद्यावर धरत. स्पास पुठ्ठ्यावर कुंचल्याने लिहायचा. जुन्या कम्युनिस्ट राजवटीत तो दुकानांच्या पाट्या रंगवत असे. बेकरी, न्हावी, मासळी, सगळी अक्षरं त्याच्या हातची. नंतर छापील पाट्या आल्या आणि तो गाडीवर आला, पण निळ्या रंगाचा डबा डिकीत राहिला. हॉलंडच्या एका म्हातारीने स्वतःच्या नावाचा पुठ्ठा त्याच्याकडून मागून नेला होता.

त्याची बायको वासिल्का मे महिन्यात वारली. तेव्हा रीतीप्रमाणे त्याने शोकपत्रकं छापली, काळ्या चौकटीत तिचा फोटो, खाली चार ओळी, आणि सगळ्यात खाली शोक करणाऱ्यांची नावं. इमारतीच्या दारावर लावली, तिच्या शाळेच्या फाटकावर लावली, तिथवर ठीक होतं. पण विमानतळाच्या रस्त्यावरच्या सातही बसथांब्यांवर त्याने ती चिकटवली. त्या रस्त्याला वासिल्काचं कोणीच राहत नव्हतं. चाळीस दिवसांनी पुन्हा लावली, सहा महिन्यांनी पुन्हा.

"स्पास, तुझ्या बायकोला मी दिवसातून चौदा वेळा भेटतो," प्लामेन नावाचा ड्रायव्हर म्हणायचा. "माझ्या बायकोला कळलं तर माझं पत्रक लागेल."

स्पास हसायचा नाही आणि रागवायचाही नाही. एकदा एका इंग्रज पाहुण्याने विचारलं होतं, या बाई निवडणुकीला उभ्या आहेत का. स्पास हो म्हणाला. उतरताना त्याने विचारलं, निवडून येतील का. स्पास म्हणाला, आल्या.

हिवाळ्यात समुद्राचा वारा त्या कागदांवरची शाई चाटून नेऊ लागला. आधी ओळी गेल्या, मग हनुवटी, मग केस. फेब्रुवारीत तिसऱ्या थांब्यावर फक्त डोळे उरले होते. त्याच सुमाराला स्पास फोनवर विचित्र काहीतरी बोलू लागला. फेरी सांगून झाली तरी फोन ठेवायचा नाही. गाडी रिकामी असतानाही मागच्या दाराशी थांबून तो ते उघडतो आणि लावतो, हे प्लामेनने पाहिलं होतं. एका दुपारी मेतोदीने धीर करून विचारलं.

"बरा आहेस ना?"

स्पास दोनदा खाकरला. "बाते," तो म्हणाला. थोरल्या भावाला म्हणतात तसं तो मेतोदीला चिडवायला म्हणायचा, तीनच वर्षांचं अंतर असून. "बाते, मागे कोणीतरी बसतं. आरशात पाहिलं तर नसतं. ब्रेक मारला की सीट करकरते, माणूस पुढे झुकल्यासारखी."

"सीट जुनी झालीये."

"सीट नवी आहे. तूच बदलून दिलीस."

मग स्पासनेच सांगितलं. मुलगी डब्लिनला असते. आई आजारी पडल्यावर तिने तिकीट पाठवलं, तिकडचं इस्पितळही ठरवलं. निघायच्या दिवशी वासिल्का कोट घालून, बॅग घेऊन दारात उभी राहिली. स्पास म्हणाला, परक्या मुलखात मरायला जायचं असेल तर टॅक्सी बघ, मी नेणार नाही. वासिल्काने कोट काढून खुंटीला लावला. पाच आठवड्यांनी ती गेली. मुलगी फोनवर म्हणाली, मातीला येत नाही, माती तुम्हीच दिलीत.

"अर्ध्या जगाला मी विमानापर्यंत पोचवलं, बाते. तेवढं एकच सोडून."

"म्हणून ते थांबे?"

"कागदावरून तरी ती विमानापर्यंत पोचू दे म्हटलं."

मेतोदीला त्या पत्रकांच्या तळाशी काय होतं ते आठवलं, आणि काय नव्हतं तेही. 'शोकाकुल: पती स्पास.' एवढंच. पोटची मुलगी हयात असून तिचं नाव पत्रकावरून वगळणं म्हणजे तिला जिवंतपणी घराबाहेर काढणं. सगळ्या गल्लीने ते वाचलं होतं. शेजारणीने फोटो काढून डब्लिनला पाठवला होता. तेव्हापासून बापलेकींत एक शब्द नव्हता.

एप्रिलच्या शेवटी कॉम्प्युटरवर एक फेरी आली. विमान डब्लिनचं, दुपारी दोन वीस. माणूस एक, बॅग एक. समुद्रबागेजवळचं हॉटेल. पाटी हवी, हो. नाव पासपोर्टप्रमाणे पूर्ण लिहिलं होतं: झोर्नित्सा स्पासोवा तेनेवा.

मधल्या नावाशी मेतोदी थांबला. बापाचं नाव तिने गाळलं नव्हतं. मग त्याने विमानाची तारीख पाहिली, मे महिन्यातली. त्यानंतर दोनच दिवसांनी वासिल्काचं वर्षश्राद्ध होतं. या शहरात जन्मलेली बाई आईच्या वर्षश्राद्धाला येत होती आणि हॉटेलात उतरत होती. बाप कुठल्या कंपनीत गाडी चालवतो, हे तिला बहुधा ठाऊक नव्हतं.

ही फेरी प्लामेनला देता आली असती. ते सोपं होतं आणि कोणी काही म्हटलं नसतं. मेतोदी आयुष्यभर सोप्या बाजूलाच उभा राहिला होता. त्याने एक कप कॉफी संपवली, मग फोन उचलला.

"दोन वीस, डब्लिन."

"दोन वीस, डब्लिन."

"माणूस एक, बॅग एक. समुद्रबागेजवळचं हॉटेल."

"एक, एक, समुद्रबाग. नाव?"

"तेनेवा."

पलीकडे गाडीचं इंडिकेटर टकटकत होतं. ते बराच वेळ टकटकलं.

"पुढचं?"

"झोर्नित्सा."

"पाटी?"

"पाटी हवी म्हणालीये."

"प्लामेनला दे."

"प्लामेन त्या वेळी बाल्चिकला फेरीवर आहे," मेतोदी म्हणाला. त्याचे कान तापले. समोरच्या खुर्चीत प्लामेन चीज भरलेली पापुद्र्याची बानित्सा खात बसला होता. त्याने चावणं थांबवलं.

"मी बाल्चिकला?" तो हळूच म्हणाला.

मेतोदीने त्याला हाताने गप्प केलं. फोनवर स्पास म्हणाला, "तिचं नाव मी लिहिणार नाही, बाते. हात चालणार नाही."

"मग नुसताच उभा राहा."

"नुसता उभा राहिलो तर ती ओळखेल का?"

मेतोदी म्हणाला, "चल, रस्ता मोकळा मिळो," आणि फोन ठेवला. आपण भलतंच केलं असं त्याला वाटत होतं.

विमानाच्या दिवशी एक वाजता त्याने ऑफिसला कुलूप लावलं आणि विमानतळाची बस धरली. अकरा वर्षांत तो कधी तिकडे गेला नव्हता. प्रत्येक थांब्यावर वासिल्का होती, या वेळी नवी कोरी, वर्षश्राद्धाची. काळीभोर शाई, केस, हनुवटी, सगळं जागेवर. मेतोदी खिडकीतून तळाची ओळ वाचत गेला. पती स्पास. पती स्पास. पती स्पास. सातव्या थांब्यापर्यंत तेच. त्याला वाटलं, झालं, संपलं. उतरून परत जावं असंही मनात आलं, पण बस विमानतळाच्या दारात शिरली होती.

आत जाऊन तो कॉफीच्या यंत्राआड उभा राहिला. बाहेर पडायच्या काचेच्या दाराशी आठदहा जण पाट्या धरून होते. स्पास नव्हता. दोन वीस वाजून गेले, फळ्यावर विमान उतरल्याचं आलं, तरी तो नव्हता. मग तो आला, धुतलेल्या शर्टात, हातात एक गुंडाळी. रांगेच्या टोकाला उभा राहिला आणि गुंडाळी उघडून छातीशी धरली.

ते शोकपत्रक होतं. काळी चौकट, मधे वासिल्काचा चेहरा, खाली छापलेलं 'पती स्पास', आणि त्याच्या खाली निळ्या रंगात, बेकरीच्या पाटीवर असायची तसल्या ऐसपैस अक्षरांत, 'मुलगी झोर्नित्सा.'

शेजारचा टॅक्सीवाला वाचून छातीवर क्रूसाची खूण करत दोन पावलं सरकला. मग त्याच्या पलीकडचाही सरकला. दारातून परदेशी लोक येत होते, मेलेल्या बाईच्या डोळ्यांकडे पाहून नजर चुकवून वळसा घेत होते. दार उघडमीट झालं की कागद हलायचा, त्यामुळे कागदावरची वासिल्का मान हलवते आहे असं वाटत होतं. मेतोदीला क्षणभर वाटलं, न्यायला स्पास एकटाच आलेला नाही.

झोर्नित्सा आली. चाळिशीची, आखूड केसांची, एक बॅग ओढत. रांगेवरून नजर फिरवत ती पुढे सरकली, आणि टोकाशी आल्यावर थांबली. आधी तिने आईकडे पाहिलं. मग खालची ओळ वाचली. मग कागदाच्या वरून दिसणाऱ्या माणसाकडे पाहिलं.

"पाटीवर आडनाव पुरतं, बाबा," ती म्हणाली.

"आडनाव आहेच आईच्या नावात. वर बघ."

"रंग ओला आहे. शर्टाला लागेल."

"लागला." स्पासने कागद खाली केला. शर्टावर निळा डाग होता. "बॅग एकच?"

"एकच. फेरीत तसंच लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"सगळ्यांवर नाव घातलंय की हे एकच?"

"एकच. हात आत्ता चालला, पार्किंगमध्ये."

बॅग तिने त्याच्या हातात दिली नाही, पण दोघांनी मिळून मूठ धरली आणि ते बाहेर गेले.

मेतोदी मागून बसने निघाला. पहिल्याच थांब्यावर गाडी उभी दिसली. स्पास वाकून कुंचला फिरवत होता आणि झोर्नित्सा दोन्ही हातांत रंगाचा डबा धरून उभी होती. तिचा चेहरा ओला होता की वाऱ्याने तसा दिसत होता, ते खिडकीतून कळलं नाही. बसमधल्या एका बाईने, पत्रकावर कोणीतरी काहीबाही लिहितंय म्हणून तक्रार केली. "नाव लिहितायत," मेतोदी म्हणाला. अनोळखी माणसाशी तो सहसा बोलत नसे.

संध्याकाळी स्पासचा फोन आला. "उतरवली."

"कुठं?"

"हॉटेलात. फेरी हॉटेलची होती."

"बरं."

"शनिवारी स्मशानात वाटायचे रीतीचे गहू ती शिजवून आणणार आहे. माझ्याकडून पातेलं नेलं."

वर्षश्राद्ध झालं, झोर्नित्सा परत गेली, तिला स्पासनेच विमानापर्यंत पोचवलं. त्यानंतर दोघं रविवारी फोनवर बोलत. काय बोलत ते मेतोदीला माहीत नाही. मागची सीट अजून करकरते का, हेही त्याने कधी विचारलं नाही. थांब्यांवरच्या कागदांची शाई उन्हाने पुन्हा उडाली, पण निळी ओळ रंगाची असल्यामुळे राहिली. ऑगस्टपर्यंत सात कोऱ्या चौकटी उरल्या आणि त्यांत फक्त 'मुलगी झोर्नित्सा' उरली. त्या रस्त्याने जाणाऱ्या पाहुण्यांना काय वाटत असेल, कोण जाणे.

ऑक्टोबरात स्पास चुलीपाशी बसल्या जागी गेला. बुधवारी सकाळी शेजारणीला सापडला, कॉफी समोर होती. दोन ओळी मेतोदीला शेवटपर्यंत जमल्या नाहीत. झोर्नित्सा म्हणाली, राहू द्या, आणि पत्रकावर नुसतीच नावं छापली. तळाला 'मुलगी झोर्नित्सा' होतं, आणि त्याला न विचारता तिने त्याखाली 'बाते मेतोदी' घातलं होतं. मेतोदीने चष्मा काढून ते पुन्हा वाचलं.

सापडायच्या आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी स्पासचा फोन आला होता. तो दोनदा खाकरला.

"बाते, एक फेरी लिही. गुरुवारी, दहा चाळीसचं डब्लिन. घरून विमानतळ."

"नाव?"

"तेनेव. पाटी नको."

"आणि गाडी परत कोण आणणार?"

"प्लामेन चालवेल. त्या दिवशी तरी बाल्चिकला पाठवू नकोस त्याला."

"नाही पाठवत. माणूस एक, बॅग एक."

"माणसं दोन."

मेतोदीचं पेन थांबलं. "दुसरं कोण?"

"लिही रे. मागे बसेल. कोट घालून तयार आहे."

"माणसं दोन," मेतोदीने लिहिलं आणि परत म्हणून दाखवलं. "बॅग एक. चल, रस्ता मोकळा मिळो."

"मोकळाच असतो, बाते. निघायला उशीर होतो."