बाइंडरचाचांची मान

बाइंडरचाचांना कोणाकडे वळून पाहायचं असलं, की ते अख्खे वळत. मान जागच्या जागी राही आणि खांद्यापासून खाली सगळा माणूस फिरे. शाळेच्या ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं घेऊन मी रविवार पेठेतल्या त्यांच्या दुकानात जात असे. "मान कशी आहे, चाचा?" म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "मजेत." आतून चाची म्हणायच्या, "यांना काय विचारता, सर? भिंतीला विचारा. ती तरी खरं सांगेल."

दुखणं सांगणं चाचांना उद्धटपणाचं वाटे. "समोरच्यानं काय करायचं त्याचं?" म्हणत. चाळीस वर्षं मान खाली घालून पुस्तकं शिवल्यावर मानेचे सांधे झिजले होते. पुढे टाका घालायला खाली बघणंही जमेना, तेव्हा दुकान बंद करायची भाषा सुरू झाली. मग चाचींनी आणि मी त्यांना कोथरूडच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं.

बाईंनी नीट समजावलं. पडद्यावर क्ष-किरणांचं चित्र बघत, सांध्याजवळच्या बारीक नसांपाशी बधिर करणारं औषध सोडायचं. काही तास दुखणं थांबलं, तर मूळ तिथेच आहे असं समजायचं आणि मग पुढचा इलाज. "फक्त त्या दिवशी वेदनेची गोळी नको. दुखत असतानाच या."

ठरलेल्या दिवशी चाचा इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून आले.

"आत्ता किती दुखतंय? दहापैकी सांगा," बाई म्हणाल्या.

"आपल्या कृपेनं काहीच नाही."

"गोळी घेतलीत?"

"दोन. आपल्यासमोर कण्हत येणं बरं दिसत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग सुई कशाला टोचू? दुखणं घरी ठेवून आलात, चाचा. पुढच्या आठवड्यात त्यालाही घेऊन या."

परतताना रिक्षात ते म्हणाले, "कोणाला त्रास नको म्हणून बोललो नाही, सर. आज तिघांची सकाळ वाया घालवली."

पुढच्या आठवड्यात ते गोळी न घेता आले. "आठ," म्हणाले, आणि एवढं सांगताना ओशाळले. इंजेक्शननंतर बाईंनी बजावलं, "आडवं पडू नका. ज्यानं दुखतं तेच करा आणि दर अर्ध्या तासानं आकडा लिहा." दुकानात येऊन चाचांनी सुईत दोरा ओवला आणि खाली बघून एक अख्खं पुस्तक शिवलं. कागदावर आठाचे दोन झाले होते. चाची दारात उभ्या राहून पाहत होत्या.

खात्रीसाठी केलेल्या दुसऱ्या चाचणीतही तसाच गुण आला, तेव्हा बाईंनी सुईच्या टोकाच्या उष्णतेनं त्या नसा बंद केल्या. दुखणं कायमचं गेलं नाही. वर्ष-दीड वर्षानं डोकं वर काढी. पण आता चाचा आपणहून सांगत, "सर, पाचावर आलंय. बाईंची वेळ घ्या." दुकान आणखी सहा वर्षं चाललं.

गेल्या हिवाळ्यात ते हृदयविकारानं गेले. भेटायला गेलो, तर चाचींनीच मला धीर दिला. "दवाखान्यात स्वतःच म्हणाले, छातीत दुखतंय, उशी जरा उंच कर. मी केली. मग म्हणाले, आता बरं वाटतंय." मग म्हणाल्या, "आणि सर, त्यांना खरंच बरं वाटत होतं. मला भिंतीला विचारावं लागलं नाही."