मागचं दार आणि माझी स्वस्तातली खाट

एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. त्यातली निम्मी वस्तीच्या गाडीवर गेली. देगलूर, उदगीर, निलंगा, कुठल्या लॉजात ढेकूण आहेत आणि कुठल्या देवळाच्या ओसरीवर वारा लागतो, हे मला तोंडपाठ. त्यामुळे नात वर्षाराणी अकरावीला लातूरला क्लास लावणार आणि दोन वर्षं कुणीतरी तिच्याजवळ राहायचं, असं घरात ठरलं तेव्हा पहिला हात मी वर केला. मुलगा आणि सून धर्माबादच्या मोंढ्यातल्या मिरचीच्या दुकानात अडकलेले. बायकोचे गुडघे गेलेले. ती एवढंच म्हणाली, "तुमाला साधा चहा येत न्हाई." मी म्हणालो, मुक्कामाच्या गोष्टी मला शिकवू नको. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात दोन वर्षांची सुट्टी होती. सकाळी फिरणं, हॉटेलातला फुकटचा पेपर, दुपारी झोप. नातीचा अभ्यास या सगळ्याच्या मधे कुठंतरी होणार होता.

जूनमध्ये लातूरला उतरलो. क्लास सोमवारी सुरू होणार आणि जवळपास एक खोली रिकामी नाही. खोली न मिळाली तर पोरीला रोज कुठूनतरी लांबून यावं लागणार, नाहीतर परत धर्माबाद. एजंटाकडे मी गेलो नाही, कारण एजंटाला पैसे देणारा माणूस माझ्या लेखी बावळट. माझी युक्ती वेगळी होती. क्लासच्या भागातला इस्त्रीवाला गाठायचा. कुणाकडचे कपडे यायचे बंद झाले, म्हणजे कुणी खोली सोडली, हे त्याला बाकी गावाच्या आधी कळतं. मडिवाळप्पा नावाच्या इस्त्रीवाल्याला मी आधीच इस्त्री केलेले दोन शर्ट विनाकारण इस्त्रीला दिले आणि तासभर टपरीशी उभा राहिलो. शेवटी तो म्हणाला, "तुळजाबाईकडं एक हाय. क्लासपासून दहा मिनिटं. पण बाईची अट लई कडक."

अट कडक म्हणजे गिऱ्हाईक कमी, आणि गिऱ्हाईक कमी म्हणजे भाव पाडता येतो. मी खुशीत गेलो.

तुळजाबाई साठीच्या, काटक, किल्लारीकडच्या. भूकंपानंतर लातूरला आल्या, मेसमध्ये वर्षानुवर्षं भाकरी थापल्या आणि त्यातून बारा खोल्यांची ही रांग उभी केली. आजूबाजूला चार-चार मजले चढले होते. यांच्या खोल्या मात्र बैठ्या, वर पत्रा आणि प्रत्येक खोलीला दोन दारं. एक पुढं ओसरीवर, दुसरं मागं परसात.

"मागच्या दाराला काय बी टेकवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "पिशवी सुदिक न्हाई. सकाळी सहाला कडी काढून ठिवायची. मी भाईरनं ढकलून बघते."

एवढंच? मी लगेच कामाला लागलो. पत्रा उन्हाळ्यात तापणार. दोन दारं म्हणजे दोन्हीकडून धूळ. पुढचं दार दाटून बसतं, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. असं करत करत भाड्यातले दोनशे कमी केले आणि वर एक टेबलफॅन मिळवला. बाई नुसतं "बरं" म्हणाल्या. मी घरी फोन करून हा पराक्रम सविस्तर सांगितला.

आठ दिवसांनी शेजारच्या बानोभाभींशी बोलणं झालं. त्या नाजिया या मुलीला घेऊन उदगीरहून आल्या होत्या. त्यांचं भाडं माझ्याहून कमी होतं. "आमी भाव केलाच न्हाई," त्या म्हणाल्या. "मावशी म्हनल्या, झेपंल ते द्या." हे मात्र मी घरी कळवलं नाही.

एवढ्यावर शहाणा व्हायला हवं होतं. पण महिन्याभरानं पुढच्या गल्लीतलं एक कुटुंब खोली सोडून निघालं आणि त्यांची सागवानी खाट जवळजवळ फुकटात मिळाली. मापाची गरज वाटली नाही. बत्तीस वर्षं सीटा बघितलेला माणूस मी, नजरेनंच मोजली. खोलीत आणल्यावर ती एकाच जागी बसली, मागच्या दाराला आडवी.

"आजोबा, मावशीला कळलं तर?" वर्षाराणी म्हणाली.

"सहाच्या आधी उभी करून ठेवू, साडेसहाला परत आडवी," मी म्हणालो. ही चलाखी तीन दिवस चालली. मला तिचा अभिमानही वाटला.

चौथ्या दिवशी रविवार, क्लासला सुट्टी. दुपारी तीनच्या सुमारास जमिनीतून आवाज आला. लातूरकडं असा आवाज अधूनमधून येतो, पण मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. मागोमाग पत्रा थरथरला आणि फळीवरचे डबे खाली आले. मी कसा उठलो ते आठवत नाही. भान आलं तेव्हा अंगणात होतो, लुंगी-बनियनवर, हातात टेबलफॅन. धक्का तेवढाच होता, कुठं वीटसुद्धा पडली नाही. सगळ्या खोल्यांतल्या आया आणि पोरी मागच्या दारांनी परसातून वळसा घालून आल्या होत्या आणि तुळजाबाई बोट दाखवून मोजत होत्या.

"चोवीस पायजेत. तेवीस हायत."

बत्तीस वर्षांत माणसं मोजल्याशिवाय मी कधी डबल बेल दिली नव्हती. त्या दिवशी माझी स्वतःची नात कमी आहे, हे मला दुसऱ्याकडून कळलं.

वर्षाराणी आत होती. बाईंनी शिकवलं होतं तशी ती मागच्या दाराकडे धावली होती. पण दार आत उघडणारं आणि आड माझी खाट. पुढचं दार मी बाहेर पडताना मागं हात टाकून खाडकन ओढून घेतलं होतं. गाडीतून उतरताना कंडक्टर दार ओढतो ना, तसं. ते दाटून बसलं होतं. आतून ती हाका मारत होती आणि मी फॅन कुठं ठेवू ते शोधत होतो.

बाईंनी खांदा लावून दार उघडलं, पोरीला हाताला धरून अंगणात आणलं आणि परत आत जाऊन खाट बघून आल्या. मला वाटलं, आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माजी कमळ नऊ वर्सांची होती," त्या म्हणाल्या. "मागच्या दाराला जवारीची चार पोती लावली होती. मीच लावली होती. घरात जागा न्हाई म्हनून. ती दारापत्तुर गेलती. तितंच घावली."

मी हातातला फॅन खाली ठेवला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"पोरगी ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "माज्याजवळ जेवंल. तुमी जावा."

मी शेवटची घासाघीस करून बघितली. निदान पंधरा दिवस? निदान उद्यापर्यंत? त्यांनी एक तासही वाढवून दिला नाही. खाट मडिवाळप्पाला तशीच देऊन टाकली आणि संध्याकाळच्या नांदेड गाडीत बसलो. दोन वर्षांची माझी सुट्टी सदतीस दिवसांत संपली.

पुढं दर महिन्याला मिरचीची पूड घेऊन जायचो. तुळजाबाई पूड घ्यायच्या, पाणी द्यायच्या, पण बसा म्हणायच्या नाहीत. नातीला अंगणात उभ्यानं भेटायचं आणि परतीची गाडी धरायची. ते बरोबरच होतं, त्यामुळे मी कधी काही बोललो नाही.

वर्षाराणीला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. पेढे घेऊन मी लातूरला गेलो आणि नेहमीसारखा अंगणात उभा राहिलो. बाईंनी मार्क विचारले नाहीत.

"तितं खोलीला दारं किती?"

"एकच हाय, बाई. पण मोकळं हाय. खाट होती दाराजवळ. मी स्वतः उचलून लांब ठिवली. मग पोरीला आत बसवून बाहेर आलो आणि ढकलून बघितलं."

त्यांनी पेढा घेतला.

"बसा," त्या म्हणाल्या.